गृहारोग्य : रुग्ण सोंपवितांना

वडील माणूस रुग्णालयांत असलें म्हणजे घरच्या मंडळींचें सारें लक्ष डॉक्टरांच्या फेरीकडे लागलेलें असतें. परंतु अहोरात्र रुग्णाजवळ असते ती परिचारिका. आणि तीहि पाळीपाळीनें बदलते. बहुधा दिवसाच्या तीन पाळ्या असतात. म्हणजे चोवीस तासांत तीन वेळां रुग्णाची माहिती एकीकडून दुसरीकडे जावी लागते. या 'चार्ज देण्या'च्या वेळीं एखादी गोष्ट सांगावयाची राहिली, तर पुढील पाळीच्या दृष्टीनें ती घडलीच नाहीं. इन्सुलिन दिल्याचें न कळल्यास तें पुन्हां दिलें जाण्याचा धोका. आणि रक्तांतील साखर फार उतरली तर प्राणावर बेततें.

म्हणून हें सांगणें केवळ स्मरणावर न सोडतां त्यास क्रम असावा, असें आतां मानलें जातें. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतील निरोपाची एक ठराविक रीत २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील रुग्णालयांत आली. तिला 'एसबार' म्हणतात. तिचीं पदें चार : सध्यां काय घडत आहे, पूर्वपीठिका काय, सांगणारीचें स्वतःचें मत काय, आणि पुढें काय करावें. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि तिची शिफारस केली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अमेरिका व कॅनडा येथील ९ रुग्णालयांतील शिकाऊ डॉक्टरांना अशाच एका क्रमाचें शिक्षण दिलें, तेव्हां उपचारांतील चुका शेंकडा २३ नीं घटल्या.

या चारांत तिसरें पद फार मोलाचें आहे. धाकटीला वडीलधाऱ्यांपुढें 'मला असें वाटतें' म्हणण्याचा संकोच असतो. ही रीत तिला तो अधिकारच देते.

नाशिकास १९९८ सालापासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, व परिचर्येचीं पदवी महाविद्यालयें त्यास संलग्न आहेत. आपल्या परिचयाची एखादी मुलगी तें शिक्षण घेत असेल, तर तिजकडून ही रीत अवश्य समजून घ्यावी; कारण एकत्र कुटुंबांत रुग्णाच्या उशाशीं माणसें याहून अधिक वेळां बदलतात. 'आई बऱ्या आहेत' एवढेंच सांगून उठण्यापेक्षां धाकट्या सुनेनें म्हणावें, "वहिनी, आई आज मलूल आहेत, जेवण निम्मेंच गेलें. मधुमेह जुना; इन्सुलिन साडेबाराला दिलें आहे. साखर उतरत असावी असें मला वाटतें. आतांच तपासा, कमी भरली तर साखरपाणी द्या व डॉक्टरांना कळवा." वहिनींनीं तें जसेंच्या तसें म्हणून दाखवावें, त्यांत कमीपणा नाहीं. उशाशीं एक वहीहि ठेवावी.

रुग्णालयांत परिचारिका परस्परांस माहिती देत असतील, तेव्हां मध्येंच चौकशी करूं नये. मात्र खाटेजवळ तें चालले असेल तर लक्ष देऊन ऐकावें. आणि एखादी गोष्ट राहिली, तर शेवटीं नम्रपणें पण स्पष्टपणें सांगावी. रुग्णाला पुष्कळदां स्वतः बोलवत नाहीं. त्याच्या वतीनें बोलणें ही शुश्रूषाच होय.