रोजचं ओलं फडकं बंद करा!

तुमची गाडी काळी, लाल किंवा गडद निळी असेल तर आज रात्री पार्किंगमध्ये एक गंमत करून बघा. बॉनेट स्वच्छ असताना त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल गोल रेषा दिसतायत? गाडी जुनी असायलाच हवी असं नाही, वर्षभरात सुद्धा हे जाळं तयार होतं. आणि माझं स्पष्ट मत आहे, ते धुळीने कमी आणि आपल्या स्वच्छतेच्या हौसेने जास्त विणलंय.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सहाला गाडी पुसणारे काका येतात. एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. तुम्ही ऑफिसला निघता तेव्हा गाडी चकचकीत. पण ते फडकं तुमच्या गाडीपर्यंत येताना शेजारच्या दहा गाड्यांची धूळ पोटात घेऊन आलेलं असतं, त्याचं काय?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. शोरूममध्ये आपण ज्या चमकेवर भाळतो ती त्याची. हा थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढाही जाड नाही. आता हिंजवडी, वाघोली, बाणेरकडे राहत असाल तर समोर टॉवर उभा राहतोय आणि त्याची वाळू-सिमेंट तुमच्या बॉनेटवर येतेय. वाळूतलं क्वार्ट्झ काचेवरही ओरखडा काढतं, तिथे क्लिअर कोटची काय कथा! असा कण ओल्या फडक्याखाली दाबून फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर घासणंच. डिकीत ठेवलेला तो डस्टरही त्याच माळेतला मणी. सिग्नलला उभं असताना गाडी झटकायची सवय असेल तर सोडा.

म्हणून माझं म्हणणं ऐकायला विचित्र वाटेल, पण आहे ते असं: गाडी धुळकट राहू द्या. बसलेली कोरडी धूळ रंगाचं फारसं बिघडवत नाही, घासलेली धूळ बिघडवते. फक्त काचा आणि आरसे रोज पुसा, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. अपवाद पक्ष्यांच्या शिटेचा. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात तापली की डाग कायमचा बसतो. पण नखाने खरवडू नका. ओला टिश्यू दोन-चार मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की अलगद उचलून घ्या.

बाकी गाडी धुवायची आठवड्या-पंधरा दिवसांतून एकदाच, पण नीट. सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि त्याचे डाग पडतात. आधी हात न लावता नुसतं पाणी टाका, वरून खाली. सुटी वाळू तिथेच निघून जाते आणि निम्मं काम होतं. मग दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून सुरुवात करून एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून परत शाम्पूत. गोल गोल नाही, सरळ रेषेत आणि जोर न लावता. दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांना वेगळं फडकं, कारण ब्रेकची धूळ त्यात असते. मोजा जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय परत वापरायचा नाही. आणि हो, भांड्यांचं लिक्विड नको. ते तेलकटपणा काढायला बनलेलं असतं, बॉनेटवरचं वॅक्सही काढून नेतं.

पुसून कोरडी करायचा कंटाळा करू नका. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. थेंब वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते घालवायला पुन्हा घासाघास.

एवढं पाणी कुठून आणायचं, असं म्हणाल. पाइप दहा मिनिटं सोडून ठेवलात तर शंभर लिटर सहज जातात, इथे तीन-चार बादल्यांत काम होतं. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी घालून पाच हजारांचा दंड लावला होता. आपल्या सोसायट्यांतही एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणं चालूच असतं की! तेव्हा पाइप नकोच.

जाळं आधीच पडलं असेल तर डिटेलिंगवाला पॉलिशने घालवून देतो म्हणेल. देतोही. पण रेषा जाते ती आजूबाजूचा क्लिअर कोट तिच्या पातळीपर्यंत घासून. थर मुळात केसाएवढाही नाही, हे पॉलिश करून घेताना लक्षात असू द्या.

मग काकांना काढून टाकायचं? अजिबात नाही. एका नळावर, अर्ध्या बादलीत वीस गाड्या पुसायची अपेक्षा आपण ठेवली. शिवाय एक दिवस गाडी पुसलेली दिसली नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकणारेही आपणच. त्यांना सांगा, ‘काका, रोज नको, आठवड्यातून एकदाच धुवा, पण अशी.’ एका रविवारी त्यांच्यासोबत उभं राहून एक गाडी धुवून काढा. दोन मोजे, शाम्पूची बाटली आणि जास्तीची बादली तुम्ही आणून द्या. दिवस कमी झाले म्हणून महिन्याचे पैसे मात्र कापू नका. नीट धुवायला जास्त वेळ लागतो, आणि त्यांचं घर त्या पैशांवर चालतं.