कुलाब्याची बेटगिरी

कुलाबा कॉजवेवर चपला-झुमक्यांचा भाव पाडणाऱ्या गर्दीला आपण समुद्र ओलांडतोय, याची गंधवार्ताही नसते. मुंबईच्या सात बेटांपैकी हे दोन टोकाचे तुकडे, मोठा कुलाबा आणि धाकटा कुलाबा. धाकट्याला इंग्रज ‘ओल्ड वुमन्स आयलंड’ म्हणत. ओहोटीला चालत पलीकडे जावं, भरतीला होडी शोधावी, असा मामला. वस्ती कोळ्यांची, पुढे लष्कराची. १८२६ साली वेधशाळाही आली. मग १८३८ मध्ये कॉजवे, म्हणजे समुद्रातून जाणारा भरावाचा रस्ता, बांधून झाला आणि समुद्राची अडवणूक संपली. तोवर या वाऱ्यावरच्या जमिनीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांना तिची किंमत कळली. व्यापाऱ्यांची नजर भरतीपेक्षा वेळेवर येते! १८४४ च्या सुमारास कापसाचा बाजार फोर्टमधून इकडे हलला आणि गाठोड्यांचे ढीग लागले. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम, १८७५ मध्ये ससून डॉक. खरी मजा रेल्वेची. बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीने १८९६ मध्ये इथे टर्मिनस उभारलं, पण बॅकबेच्या भरावासाठी १९३० च्या अखेरीस ते बंद झालं, लांब पल्ल्याच्या गाड्या नव्याने उभारलेल्या मुंबई सेंट्रलला गेल्या. कापूसबाजारही शिवडीकडे सरकला. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नावात तो अजून आहे. म्हणजे बेट जोडलं गेलं खरं, पण जोडणीच्या जोरावर आलेले बरेच पाहुणे पुढे निघून गेले. टर्मिनसच्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे, आणि पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटलाच थांबते.