हिशेब फिफ्टी-फिफ्टी!

शाळेच्या सायन्सच्या पुस्तकातला ‘तो’ धडा आठवतोय? ‘घरी वाचून या’ म्हणत बाईंनी थेट पुढचा धडा सुरू केला होता ना? सेम पिंच! त्यामुळे या विषयातलं आपलं ज्ञान अर्धं हिंदी सिनेमातल्या हलणाऱ्या दोन फुलांकडून आलेलं, अर्धं कॅन्टीनमधून. एवढ्या भांडवलावर आपण लग्न करतो, मग ‘गुड न्यूज कधी?’ सुरू होतं. आणि हा प्रश्न विचारला जातो फक्त तिला!

माझी एक मैत्रीण, वय ३१, आयटीत. वर्षभर काही जमलं नाही म्हणून सासूबाई तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रेही झाला. आणि नवरोबा? ‘त्याला काय धाड भरलीय, रोज जिमला जातो की!’ इति सासूबाई.

तर मंडळी, तो राहून गेलेला धडा उघडूयाच.

मुलगी जन्मते ती आपली सगळी स्त्रीबीजं सोबत घेऊनच. जन्मताना दहा ते वीस लाख, वयात येईपर्यंत उरतात तीन-चार लाख. त्यातली जेमतेम ४००-५०० आयुष्यभरात बाहेर पडतात, साधारण महिन्याला एक. नवा स्टॉक येत नाही. म्हणजे तुम्ही ज्या बीजापासून झालात, ते तुमची आई आजीच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागलं होतं! पस्तिशीनंतर मात्र या बीजांची संख्या आणि क्वालिटी दोन्ही झपाट्याने घसरतात.

मुलांची फॅक्टरी वयात आल्यावर सुरू होते आणि रोज कोट्यवधी शुक्राणू बनवते. पण एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्याला शरीरापेक्षा थोडा गारवाही लागतो, म्हणून तर ही फॅक्टरी शरीराबाहेर. सिगारेट, अति दारू, सुटलेलं पोट या सगळ्याचा फटका तिला बसतो. जिममध्ये बॉडी बनवायला कुणी स्टेरॉइड्स घेत असेल, तर शुक्राणू बनणं पार थांबूही शकतं. दंड दिसतात एकदम हीरोसारखे, रिपोर्टवर मात्र शून्य!

आता दोघांची भेट. ती होते गर्भनलिकेत. कोटींनी निघालेल्या शुक्राणूंपैकी बीजाच्या आसपास पोचतात काही शेच. बीज जगतं जेमतेम एक दिवस, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. त्यामुळे महिन्यातले कामाचे दिवस फक्त सहा: बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. नाइट शिफ्ट आणि टूरवाल्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. एक शुक्राणू आत शिरला की बीजाचं कवच बाकीच्यांना ‘नो एंट्री’ करतं. तिची २३ गुणसूत्रं, त्याची २३, मिळून ४६. मुलगा की मुलगी हे ठरतं ते त्याच्याकडून एक्स आलं की वाय, यावर. तिच्याकडून एक्सच येतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

हिशेब असा फिफ्टी-फिफ्टी असताना चकरा तिनेच का मारायच्या? मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा तिच्या कारणाच्या जोडीला. आणि वीर्यतपासणीइतकी सोपी टेस्ट नाही. सुई नाही, भूल नाही. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची ती झाली आठ महिन्यांनंतर. संख्या कमी निघाली. ते आठ महिने ती रोज रात्री ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे’ म्हणत झोपत होती. त्या आठ महिन्यांचा रिफंड कोण देणार?

डॉक्टर मंडळींचा साधा नियम आहे: ती पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करा, पुढे असेल तर सहा महिने. त्यानंतर तपासणी दोघांची, आणि पहिल्याच फेरीत. तेव्हा बॉईज, पुढची अपॉइंटमेंट दोघांच्या नावाने घ्या. आणि हो, आजची सिगारेट आजच विझवा. फॅक्टरीतून नवा माल यायला अडीच महिने लागतात!