डीव्हीडीचा खण बंद पडला तरी

या महिन्याचा विषय पालकांनीच हातात दिला आहे. नांदगावात गेले काही महिने रस्त्यात, लग्नात, शाळेच्या फाटकाशी एकच तक्रार कानावर येते : "बाजी, घरचा संगणक सुरू होत नाही. दुकानवाला म्हणतो, विंडोज नव्याने टाकावी लागेल. पण डीव्हीडीचा खणच उघडत नाही. आता नवा संगणक घ्या म्हणतो."

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकात तो खण बंद पडणे ही रोजचीच गोष्ट आहे. आतल्या भिंगावर धूळ बसते, खण पुढे-मागे करणारा रबरी पट्टा सैल होतो, आणि वर्षानुवर्षे कुणी डीव्हीडी घालतही नाही. तो दुरुस्त करण्यावर पैसे घालवू नका. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात, आणि आजच्या विंडोजची फाइल बहुतेक वेळा त्याहून मोठी असते. म्हणजे खण चांगला असता तरी त्याचा उपयोग बेताचाच. हे काम आता 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर होते. कुणाकडे यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि जुनी डीव्हीडी असेल तर तेही चालेल, पण त्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

पण पेन ड्राइव्ह लावण्याआधी दुसरे काम आहे, आणि माझ्या मते तेच मोठे आहे. "फॉरमॅट मारून देतो" हे वाक्य दुकानात सहज बोलले जाते. आपण मान हलवतो, कारण आपल्याला वाटते की आपले सगळे डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित आहे. तसे नसते. डेस्कटॉपवर ठेवलेले, डाउनलोडमध्ये उतरलेले, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधले सगळे सी ड्राइव्हमध्येच असते, आणि पुसला जातो तो सीच. घाईतला माणूस तर सगळे भाग काढून टाकून नव्याने पाडतो, मग डीसुद्धा जातो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी असेच होणार होते. दादा रेल्वेतून निवृत्त झालेले. शेवटच्या वर्षांत त्यांनी खानदानाचा शजरा इनपेजमध्ये टाइप केला, सहा पिढ्यांचा. नातवाने त्यांच्या आवाजातल्या नातही त्याच संगणकात रेकॉर्ड केल्या होत्या. दादांचा इंतकाल झाला, संगणक दोन वर्षे तसाच पडून राहिला, आणि चालू केला तर निळा पडदा येऊन बंद पडू लागला. दुकानातून फॉरमॅटचा निरोप आला. सुनेने विचारले, "मग अब्बांचा शजरा?" दुकानातल्या मुलाला शजरा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. त्याचा तरी काय दोष! त्याला यंत्र चालू करून द्यायचे होते.

विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा नसतो. घराचे कुलूप बिघडले म्हणून आतले सामान जळत नाही, तसेच हे. अशा वेळी लिनक्स नावाची मोफत प्रणाली कामी येते. लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांची फाइल त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. ती पेन ड्राइव्हवर चढवून संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला, की संगणकाच्या डिस्कला हात न लावता पडद्यावर चालता-बोलता डेस्कटॉप येतो. फक्त 'इन्स्टॉल' दाबायचे नाही, 'ट्राय' दाबायचे. फाइलींच्या खिडकीत तुमची डिस्क दिसते, पण सी-डी अशा नावांनी नव्हे, आकाराने. ती उघडा, 'यूजर्स' मध्ये जा, आपल्या नावाचा फोल्डर शोधा आणि दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर नकलून घ्या. शजरा असाच निघाला, नातही निघाल्या, आणि कुणाच्या लक्षातही नसलेले 2014 च्या एका निकाहचे फोटो निघाले. तासाभराचे काम होते.

दोन ठिकाणी मात्र थांबा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर संगणक परत परत चालू करू नका, दर वेळी नुकसान वाढते. तो डेटा काढण्याचे काम करणाऱ्याकडेच द्यायचा. आणि अलीकडच्या लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असते. तो 48 अंकी किल्ली मागतो. ती किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्यातच जपलेली असते. ते खाते कुणाच्या ईमेलने काढले होते हे आधी घरात विचारा, बऱ्याचदा ते शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाचे निघते.

आता पेन ड्राइव्ह तयार करण्याविषयी. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत विंडोजची फाइल उतरत नाही, तेव्हा ज्याच्या घरी वायफाय आहे त्याचा संगणक दोन तास मागून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर 'मीडिया क्रिएशन टूल' नावाचा छोटा प्रोग्राम फुकट मिळतो. तो चालवला की फाइल उतरवणे आणि पेन ड्राइव्हवर चढवणे दोन्ही तोच करतो. लिनक्ससाठी रूफस हा प्रोग्राम वापरतात. उतरवलेली फाइल नेहमीसारखी कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. मुले इथेच अडतात आणि पेन ड्राइव्हला दोष देतात. आणखी एक, पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते सगळे पुसले जाते. शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह देऊ नका.

पेन ड्राइव्ह लावून संगणक चालू करताच एक बटण भराभर दाबत राहायचे. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ 12, एचपीवर एस्केप किंवा एफ 9, असूसवर एस्केप किंवा एफ 8. एसरवर एफ 12 च, पण ते आधी एफ 2 दाबून सेटिंगमध्ये चालू करावे लागते. यादी आली की पेन ड्राइव्हचे नाव निवडा. ही यादी नीट वाचा, कारण एकच पेन ड्राइव्ह तिथे दोनदा दिसू शकतो : एकदा 'यूईएफआय' या शब्दासह, एकदा त्याशिवाय. चुकीचा निवडला तर पुढे "या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही" असा संदेश येतो. तो वाचून लोक घाबरतात आणि डिस्कचे सगळे भाग डिलीट करून मोकळे होतात. काही डिलीट करायचे नसते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि यादीतले दुसरे नाव निवडायचे. अर्ध्याहून जास्त नुकसान या एका पडद्यावर होत असावे, असा माझा अंदाज आहे.

पुढे 'कस्टम' निवडून जिथे जुनी विंडोज होती तो भाग निवडला आणि फॉरमॅट न करता पुढे गेलात, तर जुने सगळे 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवले जाते. यावर विसंबून आधीची नक्कल टाळू नका. विंडोज तो फोल्डर पुढे स्वतःच साफ करू शकते. आणि लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर वीज कधी जाते त्याचा अंदाज घेऊनच बसा. अर्ध्यावर वीज गेली की सगळे पहिल्यापासून.

किल्लीविषयी, म्हणजे परवान्याविषयी, थोडे स्पष्ट बोलायला हवे. ज्या संगणकावर विंडोज 10 रीतसर चालू होती, त्याच संगणकावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर किल्ली लागत नाही. "माझ्याकडे किल्ली नाही" निवडायचे, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो; इंटरनेट जोडले की परवाना आपोआप ओळखला जातो. म्हणजे ज्याने लॅपटॉपसोबत विंडोजचे पैसे दिले आहेत, त्याच्या यंत्रात दुकानदार 'क्रॅक' केलेली प्रत भरतो तेव्हा हक्काची वस्तू काढून चोरीची बसवतो. त्या क्रॅकबरोबर काय काय आत येते ते वेगळेच. कायद्याने, 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 63-बी कलमानुसार, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. आपल्यात कुणी म्हणतो की मोठ्या कंपनीचे घेतले तर काय बिघडले. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1988 मध्ये कुवैतच्या बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीयतने सुरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केला आहे. पुढचे ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

मग पैसे न देता, चोरी न करता काय? विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे डीव्हीडीचा खण असलेले बहुतेक जुने संगणक तिथे बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स कायमची टाका, असे मी मोकळेपणी सुचवते. हे काही गरिबाचे हलके औषध नाही. केरळच्या सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत, आणि आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाची भारतीय लिनक्स बनवली आहे. मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, सगळे होते.

अपवाद एक. ज्यांची रोजी इनपेजवर आहे, कार्ड-पत्रिका किंवा किताबांचे उर्दू टाइपिंग, त्यांनी विंडोजच ठेवावी. इनपेज विंडोजसाठी बनलेले आहे, आणि जुन्या इनपेज फाइलीतला मजकूर दुसरीकडे थेट उघडत नाही. तसे काम नसलेल्यांनीही जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून एक प्रत ठेवावी. दादांचा शजरा आम्ही तसा बदलून घेतला. नावांतले काही 'हमजा' आणि जोडाक्षरे बिघडली, ती सुनेने जुनी छापील प्रत समोर ठेवून हाताने दुरुस्त केली. युनिकोडमध्ये नस्तालिक दिसण्यासाठी 'नोटो नस्तालिक उर्दू' हा फाँट मोफत आहे, विंडोजवर चालतो आणि लिनक्सवरही.

नवी प्रणाली बसली की भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही कळफलक त्याच दिवशी जोडून टाका. मराठीसाठी इनस्क्रिप्ट निवडा. विंडोजमध्ये खिडकीचे चिन्ह असलेले बटण आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते, हे घरातल्या लहान मुलाला एकदा दाखवा. पुढे तोच सगळ्यांना दाखवत बसतो.