‘धसका घेतील’ म्हणून सांगायचे नाही?



या वेळी थोडा जड विषय घेतो आहे. मोठ्या मुलांनी तो स्वतः वाचावा, लहानांना आईबाबांनी समजावून सांगावा. विषय आहे या देशातल्या दूषित रक्ताचा.

आधी मुलांसाठी थोडी माहिती. आपल्याला खरचटले की थोड्या वेळाने रक्त थांबते, कारण रक्तातले काही घटक ते गोठवतात. हिमोफिलिया या आजारात त्यातला एखादा घटक, बहुधा ‘फॅक्टर आठ’, जन्मापासूनच कमी असतो. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. सांध्यांत आतल्या आत रक्त साचते आणि फार दुखते. १९७३ पासून ब्रिटनमध्ये यावर नवे औषध मिळू लागले. दात्यांच्या प्लाझ्मापासून केलेली ही पूड पाण्यात विरघळवून घरच्या घरी टोचून घेता येई. रुग्णांना ते वरदानच वाटले.

पण ही पूड करताना हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करत. एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासावी, तसे एका माणसाच्या रक्तातला विषाणू सगळ्या साठ्यात जाई. त्यातून बरेचसे औषध अमेरिकेतून येत असे. तिथे प्लाझ्मा पैसे देऊन घेतला जाई, तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा. पैशासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार कशाला सांगेल? न सांगण्याची सुरुवात अशी पहिल्या पायरीपासूनच झाली.

रक्तातून हिपॅटायटिस पसरतो हे डॉक्टरांना १९४० च्या दशकापासून ठाऊक होते. पैसे न घेणाऱ्या दात्यांच्याच रक्तावर भर द्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये सर्व देशांना सांगितले. त्याच वर्षी मंत्री डेव्हिड ओवेन यांनी ब्रिटनला या औषधात स्वावलंबी करण्यासाठी पैसे जाहीर केले. ते औषध करणारी सरकारी प्रयोगशाळा स्टॅनमोरहून जवळच, एल्स्ट्रीला होती. पण स्वावलंबन वेळेवर आले नाही आणि परदेशी औषध येतच राहिले. मे १९८३ मध्ये आपल्या शेजारच्या कॉलिंडेल येथील साथरोग केंद्राचे संचालक डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला पत्र लिहिले. एड्सचा धोका पाहता, १९७८ नंतर अमेरिकेत घेतलेल्या रक्तापासून केलेले हे औषध वापरातून काढून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही.

पुढे काय झाले ते सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी अहवालात आहे. तो २० मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. हे औषध आणि रुग्णालयात दिलेले रक्त यांतून ३०,००० हून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसची लागण झाली आणि सुमारे ३,००० जण दगावले. हॅम्पशायरमधील ट्रेलोर या शाळेत १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलियाची १२२ मुले शिकली. त्यांपैकी आज फक्त तीसेक हयात आहेत. त्या मुलांवर संशोधन चालू होते आणि त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना धोक्याची नीट कल्पना दिली गेली नाही. अनेक रुग्णांची न विचारता एचआयव्ही तपासणी झाली आणि निकाल त्यांना महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे कळवला नाही. आरोग्य खात्यातले काही कागदही मुद्दाम नष्ट केले गेले. हा अपघात नव्हता, असे लँगस्टाफ यांनी स्पष्ट म्हटले आहे.

सांगितले का नाही? पैसा आणि अब्रू ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण वरवर पाहता चांगले दिसते: रुग्ण घाबरेल, औषध बंद करेल, आणि त्याचे भले आम्हाला जास्त कळते.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे, नाही का? ‘आजोबांना सांगू नका, धसका घेतील.’ ‘डॉक्टरांना जास्त विचारू नका, त्यांना राग येईल.’ आपल्या घरोघरी हे प्रेमाने आणि आदराने म्हटले जाते. पण परिणाम तोच होतो. ज्याचे शरीर, त्यालाच माहिती नाही.

कोणी म्हणेल, औषध खरोखर उपयोगी होते आणि १९८३ मध्ये एड्सबद्दल सगळे कोणाला ठाऊक होते? दोन्ही खरे आहे. काही रुग्णांनी धोका कळूनही तेच औषध घेतले असते. पण काहींनी थोड्या दात्यांच्या रक्तापासून केलेले जुने औषध मागितले असते, काहींनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली असती. हा निर्णय त्यांचा होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत नवा प्रोग्रॅम देताना माहीत असलेल्या दोषांची यादी सोबत देतात. ग्राहक घाबरेल म्हणून ती यादी लपवणाऱ्याला कोणी दयाळू म्हणत नाही. मग औषधाला वेगळा न्याय का?

कायदाही आता हेच सांगतो. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात ठरवले की रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि दुसरे पर्याय डॉक्टरांनी सांगितलेच पाहिजेत. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून रक्तविक्रीला बंदी आली. नियम झाले, पण विचारणारा माणूस असला तरच ते उपयोगी पडतात.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, दवाखान्यात तीन प्रश्न जरूर विचारावेत: यात धोका काय? दुसरा पर्याय काय? काहीच केले नाही तर काय होईल? नम्रपणे विचारलेला प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे.

दुसरी, आजी-आजोबांना इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागावा. एन.एच.एस. तो विनामूल्य देते आणि हे काम मुलांवर टाकू नये. पण मुलांनो, घरी आजीने ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असे विचारले, तर ‘काही नाही’ म्हणून सोडून देऊ नका. धोका, पर्याय, संमती हे शब्द आपल्या वर्गात शिकण्यासारखे आहेत.

तिसरी, सप्टेंबर १९९१ पूर्वी या देशात कोणाला रक्त दिले गेले असेल, तर जीपीला सांगून हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्यावी. त्या महिन्यापासून इथे दात्यांच्या रक्ताची ही चाचणी सुरू झाली. आता त्यावर चांगले औषध आहे.

हे वाचून कोणी रक्तदान मात्र थांबवू नये. इथे दाते पैसे घेत नाहीत, प्रत्येक बाटली तपासली जाते, आणि वयाच्या सतराव्या वर्षापासून रक्त देता येते. देताना विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, इतकेच.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. घरच्या अब्रूबाबत ते ठीक असेल. औषधाच्या बाबतीत मूठ उघडीच हवी. घरोघरी यावर बोलणे व्हावे, ही विनंती.

— एक पालक, स्टॅनमोर