गावबाने पुरे केलेले रामायण

1967 साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकानेलिया’ हे पत्र स्वतःच छापून आपसांत वाटले. चाहत्यांचे साहित्य तेव्हापासूनचे, असा अनेकांचा समज आहे. मराठीत ही ओढ कितीतरी जुनी.

ज्ञानेश्वरी शके 1212 मधील. तिच्या हस्तलिखित नकला गावोगाव फिरल्या आणि नकलाकार भक्तिभावाने आपल्याही ओव्या तिच्यात मिसळत गेले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि बजावले की, यात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे. राधानगरीकडच्या सप्ताहांत आज वाचली जाते ती याच पाठाची परंपरा.

गंमत पुढेच आहे. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले. परंपरेनुसार ते पुरे केले शिष्य गावबाने. पुरणपोळीच्या ओढीने नाथांकडे राहिलेला म्हणून ज्याची कथा सांगतात, तोच हा.

तेव्हा नाथांना चाहत्यांच्या लेखनाचे वैरी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांचा रोष निनावी भेसळीवर होता, पुढे लिहिण्यावर नव्हे. आणि त्या निनावी हातांनाही निव्वळ दोषी कसे म्हणावे? त्यांनी नकला केल्याच नसत्या, तर नाथांनी ताडून पाहिले असते ते काय?