मोठा आवाज की चांगला आवाज?

परवा इंदूरला भाचीकडे गेलो, तर चहाच्या आधीच तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवले. तिने गायिलेल्या सहा अभंगांचे मास्टरिंग होऊन आले होते. गायन आणि साथीची वाद्ये एकत्र मिसळून झाली, की त्यावरून जो शेवटचा हात फिरवतात ते मास्टरिंग. संध्याकाळपर्यंत पसंती कळवायची, उरलेले पैसे भरायचे आणि मग बदल मागायचा नाही, अशी स्टुडिओची अट. पैसे तिने शिकवण्या करून साठवलेले.

"मामा, आधी हे मूळचं ऐका. आता हे त्यांनी पाठवलेलं."

दुसरे सुरू होताच स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "हेच घे गं! किती भरदार वाटतंय."

भरदार वाटत होते खरे. पण ते मोठेही होते. लाउडनेस मीटर लावून पाहिले. मूळ गाणे उणे २० एलयूएफएस, नवे उणे ११. (कानाला आवाज किती मोठा जाणवेल याचे हे माप, त्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवून दिली.) म्हणजे ९ डेसिबलचा फरक. १० डेसिबल वाढले की आवाज साधारण दुप्पट वाटतो. आता सांगा, ही तुलना झाली का?

आपल्या कानाची खोड जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ती मोजून दाखवली. आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मोठा केला की तोच खर्ज भरून येतो. गाण्यात काहीही न सुधारता नुसती पातळी वाढवली, तरी ते अधिक गोड वाटते. फरक अगदी थोडा असेल तर 'मोठे' असे जाणवतही नाही, नुसते 'जास्त स्वच्छ' वाटते. तिथेच माणूस फसतो, आणि मास्टरिंग करणाराही माणूसच.

मग आम्ही नवे गाणे ९ डेसिबलने खाली आणले. मोठे असेल ते खाली आणावे. लहान वर चढवायला गेलात तर आवाज फाटण्याची भीती. अॅम्प्लिफायरचे बटण घरात नेहमी ऐकतो तेवढ्यावर ठेवले आणि कोणी हलवू नये म्हणून भाचीने खुणेला चक्क टिकली चिकटवली. ती पाठ करून बसली. मी न सांगता कधी हे, कधी ते लावायचे, तिने कागदावर लिहायचे. नाव माहीत असले की कान पक्षपात करतात.

सहापैकी दोन अभंगांत तिने मास्टरिंग केलेलेच निवडले, आणि ते योग्यच होते. तिथे शब्द उघडे झाले होते, तानपुऱ्याखालची घरघर गेली होती. उरलेल्या चारांत मात्र दर वेळी मूळचे. तबल्याची थाप बसकी झाली होती. ओळ संपताना ती आवाज हलकेच सोडून देते, ते सोडणेच नाहीसे झाले होते. लिमिटरने लहानमोठे सगळे एका उंचीचे करून टाकले होते. ताई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही.

बरे, एवढे मोठे करून मिळणार काय होते? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ वर आणते. म्हणजे हे मोठेपण तिथे ३ डेसिबल उतरणार, दबलेली थाप मात्र दबलेलीच राहणार.

भाचीने स्टुडिओला पत्र लिहिले. दोन ठेवा, चारांचा लिमिटर सैल करा, पातळी कमी झाली तरी चालेल. उत्तर जरा घुश्शातच आले, 'मॅडम, मग गाणं बारीक वाटेल.' पण तीन दिवसांनी नव्या फायली आल्या. त्या उघडण्याआधी तिने मला फोन केला, "मामा, टिकली अजून तिथेच आहे."